चार मिनिटं दहा सेकंदांचा वधूप्रवेश

"ते मानाने उभे राहिले होते," मी म्हटलं.

"आई, ते कुणीतरी येतंय म्हणून उभे राहिले होते," माझा मुलगा ओठ न हलवता म्हणाला.

"माझं वाजवणं ऐकून माणसं खुर्च्या सोडतात, हे तुला बघवत नाही. सरळ सांग ना."

"हातात सूप घेऊन? नव्वद माणसं हातात सूप घेऊन दाराकडे बघत उभी होती, आई! तुझ्याकडे सगळ्यांची पाठ होती."

(हे खरं होतं. पण भांडणात खरं बोलणाऱ्याला मी कधी फारसा भाव देत नाही.)

"इकडे बघा. हसा," फोटोग्राफर म्हणाला.

आम्ही दोघं हसलो. तो फोटो आता आमच्या बाहेरच्या खोलीत लावलेला आहे. हार्पपाशी बसलेली मी, मागे उभा असलेला मुलगा, त्याचा हात माझ्या दंडावर. येणारे-जाणारे म्हणतात, किती माया आहे हो मुलाची! तो हात मला स्टुलावरून उठवायला धरलेला होता, हे मी कुणाला सांगत नाही. तुम्हाला सांगते आहे, तेवढ्यावरच ठेवा.

तर झालं होतं असं. माझ्या नातीचं लग्न सकाळी लागलं होतं आणि दुपारी त्याच हॉलमध्ये रिसेप्शन चालू होतं. दोन्हीकडे हार्प वाजवणारी मी. माझ्या मुलाचं म्हणणं, जे झालं ते पुष्कळ झालं, आता आईने उठावं, दोन घास खावेत आणि कोपऱ्यात तासाभरापासून तिष्ठत बसलेल्या कीबोर्डवाल्याला वाजवू द्यावं. माझं म्हणणं, मी उठणार नाही.

यात हट्टाचा प्रश्न नव्हता. (थोडा होता.) मला नात एकच. ती लग्न एकदाच करणार, निदान आजतरी तिचा तसा विचार दिसतो. माझं वय चौऱ्याहत्तर. म्हणजे चार लोकांसमोर वाजवायची ही माझी पहिली वेळ, आणि खरं बघायला गेलं तर शेवटचीही. अकरा वर्षं मी कपाट, पलंग आणि आमचे हे, या तिघांसमोर वाजवत आले. त्यांतल्या कपाटाने आणि पलंगाने कधी तक्रार केली नाही. आज समोर नव्वद माणसं होती आणि दोन तास शिल्लक होते. ते दोन तास मी कीबोर्डला देणार होते होय?

आता हा हार्प माझ्या घरात आला कसा, तेही ऐकून घ्या.

माझं कपडे शिवायचं दुकान होतं. चाळीस वर्षं चालवलं. अकरा वर्षांपूर्वी दुकानासाठी मला दोन स्टुलं हवी होती. पुढच्या चौकातलं एक हॉटेल बंद पडत होतं आणि सामान विकायला काढलं होतं, म्हणून मी टेप घेऊन गेले. एवढंच. दोन स्टुलं. तिथल्या लॉबीच्या कोपऱ्यात काहीतरी चादरीखाली झाकून ठेवलं होतं. चादरीचं कापड कुठलं ते बघावं म्हणून मी टोक उचललं (ही माझी सवय, अनोळखी माणसाची कॉलरसुद्धा मी चिमटीत धरून बघितलेली आहे) तर आत हा. माझ्यापेक्षा उंच, सत्तेचाळीस तारा, आणि खाली बघते तर सात पेडलं! माझ्या मशीनला एक पेडल. एका पेडलवर मी चाळीस वर्षं संसार रेटला. सात असती तर काय केलं असतं, हा विचार डोक्यात आला आणि तिथेच सगळं फिसकटलं.

लिफ्टमध्ये तो मावला नाही. चार माणसांनी जिन्याने वर आणला, आणि दुसऱ्या मजल्यावर तो असा अडकला, की शेजाऱ्यांना स्वतःच्या घराचं दार बिजागऱ्यांतून काढून बाजूला ठेवावं लागलं. आमचे हे पायजम्यावर बाहेर आले. आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस. समोर काहीही येवो, आधी नोंद तपासतात.

"तू दोन स्टुलं आणणार होतीस ना?" ते म्हणाले.

"एक आणलंय," मी म्हटलं. हार्पबरोबर त्याचं स्टूल आलं होतं.

"आणि हे कुठल्या बाजूने मिटतं?"

ते मिटत नाही असं कळल्यावर त्यांनी दोन कपाटांपैकी आपलं कपाट स्वतःच गॅलरीत नेलं. तसा माणूस समजूतदार आहे.

शिकायचं म्हणाल, तर मी आयुष्यात कुणाकडे काही शिकले नाही. शिवण शिकले ते माझ्या मामाचा कोट उसवून. सगळे तुकडे जमिनीवर मांडले, बघितले आणि परत शिवले. (मामाचा डावा हात त्यानंतर कोटाबाहेर दोन बोटं जास्त दिसायचा. पण मला शिवण आलं.) हार्प तसाच शिकायचा ठरवला. उसवता येत नव्हता, एवढीच पंचाईत. पहिला महिनाभर मी मशीनसारखी पेडलं मारत होते. हार्पचं पेडल एकदा दाबून खाचेत ठेवायचं असतं, तारेचा सूर बदलला की त्याचं काम संपलं, हे मला कोण सांगणार? खालच्या मजल्यावरचे गृहस्थ येऊन विचारून गेले, की घरात कारखाना काढायची परवानगी घेतली आहे का.

मुलाने मग एक संगीतशिक्षक पाठवला. पोरगेलासा, गळ्यात मफलर.

"आजी, हार्प उजव्या खांद्यावर टेकवतात. तुम्ही डाव्या खांद्यावर घेतलाय."

"उजव्या खांद्यावर माझी टेप असते."

"टेप काढून ठेवा ना."

चाळीस वर्षांत ती टेप मी फक्त आंघोळीला काढली. मी त्याला म्हटलं, "माझ्या खांद्याचं सोडा, तुमच्या शर्टाची कॉलर ज्याने लावलीय त्याने ती उलटी लावलीय, इतकी वर्षं तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?" तो पुन्हा आला नाही. नाहीतरी त्याच्याकडून शिकण्यासारखं काही नव्हतंच.

मी माझी रीत काढली. कपडा बेततात तशी चाल बेतायची. ब्राऊन पेपर पसरायचा, त्यावर तारांच्या उभ्या रेघा मारायच्या, कुठली तार कधी छेडायची तिथे खडूने खूण. पुढचा भाग, पाठ, एक बाही, दुसरी बाही. चारही भाग जोडले की चाल तयार. अकरा वर्षांत मी अशा पाच चाली केल्या. पाचही माझ्या स्वतःच्या. हो, आणि एक गोष्ट या पाच चालींबद्दल मी कधी कुणाला सांगितली नव्हती. एकदा सुरू केली, की मला मध्ये थांबता येत नाही. म्हणजे थांबता येतं, पण मग पुढचं काहीच आठवत नाही, पुन्हा पहिल्या तारेपासून निघावं लागतं. लोकांना मी सांगते की अर्धवट काम माझ्या तत्त्वात बसत नाही.

तर लग्न. नात माझी नर्स आहे, अपघात विभागात. ती त्या मुलाला घेऊन घरी आली, तारीख ठरली म्हणाली, आणि मी कुणी काही विचारायच्या आत म्हटलं, "वाजवणार मी."

माझ्या मुलाला खोकला आला. सुनेने सगळ्यांच्या भरलेल्या ग्लासांत पुन्हा पाणी ओतलं.

नात म्हणाली, "मग दुसरं कोण वाजवणार? आजीच वाजवणार."

तो खोकला महिनाभर गेला नाही. मुलगा आमचा एका कंपनीत मॅनेजर आहे. त्याने घरात कुणाला न सांगता कीबोर्डवाला ठरवून ठेवला. का, तर "आई दमली तर." मी दमले? मी एका बैठकीत बारा गणवेश शिवलेत!

आता या लग्नात वधूने दारातून आत यायचं, मधल्या गालिच्यावरून चालत समोरच्या टेबलापर्यंत जायचं, तिथे नोंदणी अधिकारी उभे असणार, आणि ती चालत असताना मी वाजवायचं. सोपं काम. पण चालायला किती वेळ लागतो हे आधी माहीत हवं. माप न घेता मी रुमालसुद्धा शिवत नाही. म्हणून आठ दिवस आधी मी ह्यांना घेऊन हॉलवर गेले. टेपने गालिचा मोजला. बावीस मीटर. ह्यांच्या हातात सेकंद दाखवणारं घड्याळ दिलं आणि दारातून मी स्वतः वधू म्हणून निघाले.

माझा उजवा गुडघा मला विचारल्याशिवाय वाकत नाही, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. शिवाय अर्ध्या वाटेत मला दिसलं, की गालिच्याच्या कडेची टीप सुटलीय. आता हे बघून पुढे जाणं मला शक्य होतं का? मी हॉलच्या मॅनेजरला हाक मारली. त्याला ती टीप दाखवली, अशी सुटते कशी आणि पुन्हा घालायची कशी ते सांगितलं, दोरा कुठल्या जाडीचा ते सांगितलं, आणि मग उरलेलं अंतर चालून टेबलापाशी पोचले.

"किती?" मी विचारलं.

"चार मिनिटं," हे म्हणाले.

"मधला वेळ धरलात का हो?"

"तू घड्याळ थांबवा म्हणाली नाहीस."

कारकून! पण मी मनात म्हटलं, असू दे. शिवणीच्या आत आम्ही थोडं जादा कापड राखून ठेवतो, त्याला माया म्हणतात. उद्या अंग भरलं तर उपयोगी पडतं. माझ्या पाचव्या चालीला चार मिनिटं दहा सेकंद लागत होते. म्हणजे दहा सेकंदांची माया. अगदी मापात.

लग्नाच्या सकाळी मी पहाटेच हॉलवर गेले, दीड तास तारा लावल्या, बसले. हॉल भरला. डावीकडे आमची माणसं, उजवीकडे त्यांची. नोंदणी अधिकारी काळा कोट घालून आले. (खांदे दोन नंबर मोठे.) दार उघडलं. सगळे उठून उभे राहिले. दारात माझी नात, मी शिवलेल्या ड्रेसमध्ये, वडलांच्या हातात हात घालून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तारा दिसेनात, पण मला खूण पाठ होती. मी पहिली तार छेडली आणि पुढचा भाग सुरू केला.

आता अपघात विभागात काम करणारी मुलगी चालते कशी, हे मी विचारात घ्यायला हवं होतं. तिथे सावकाश चालणाऱ्याला कुणी ठेवत नाही. मी नवव्या खुणेवर होते आणि मान वर करून बघते, तर ती टेबलापाशी! माझा मुलगा तिच्याबरोबर जवळजवळ ओढला गेला होता, धापा टाकत होता. त्याने नंतर मला सांगितलं, चौदा सेकंद.

मी वाजवत राहिले. दुसरं काय करणार? पुढचा भाग संपला. पुढचा भाग संपला की मी जरा थांबते, टीप मारून दोरा कापायला लागतो तेवढाच वेळ. त्या वेळात नोंदणी अधिकाऱ्यांनी फाइल उघडली, घसा साफ केला आणि म्हणाले, "उपस्थित मंडळी, आज आपण—"

मी पाठ सुरू केली.

त्यांनी फाइल मिटली. माणसं उभी होती ती उभीच. वधू उभी असताना बसायचं कसं, हा एक प्रश्न, आणि गाणं चालू असताना बसायचं कसं, हा दुसरा. पाठ संपली. पुन्हा फाइल उघडली. "उपस्थित मंडळी—"

मी पहिली बाही घेतली.

यावेळी त्यांनी फाइल मिटली नाही, बोट घालून ठेवलं. पहिल्या रांगेत नवऱ्या मुलाचे आजोबा होते, शाळेचे मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेले. ते सावधान स्थितीत उभे होते. मुलगा माझ्याकडे बघून भुवया वर-खाली करत होता. नात आणि नातजावई एकमेकांकडे बघत नव्हते, कारण बघितलं असतं तर फुटले असते. तरी तिच्या पाठीवरची बटणं थरथरताना मला दिसत होती. ती बटणं मी लावलेली. त्यांतलं एकही तुटलं नाही, हे इथे नमूद करते.

पहिली बाही संपली. अधिकाऱ्यांनी आता काही बोलण्याआधी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. आणि दुसरी बाही सुरू केली.

संपल्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि एवढ्या जोरात, की मी उठून मान लववली. मागाहून कळलं, टाळ्या बसायला मिळाल्याच्या होत्या.

"तीन मिनिटं छप्पन्न सेकंद," सह्या झाल्यावर मुलगा मला गाठून म्हणाला. "ती पोचल्यानंतर, आई. तीन मिनिटं छप्पन्न सेकंद."

"मग तुझी मुलगी धावत का गेली? लग्नाला चाललीय की बस पकडायला?"

"एक बाही गाळता आली नसती तुला?"

"एका बाहीचा ड्रेस घालून उभी राहिली असती का ती?"

मॅनेजर असला तरी शिवणातलं त्याला काही कळत नाही.

दुपारी गालिचा गुंडाळला, टेबलं मांडली, पांढरे कपडे अंथरले, रिसेप्शन सुरू झालं. हार्प कोपऱ्यात, मी हार्पमागे. इथे चालायचं-बिलायचं काही नव्हतं, लोकांनी खायचं आणि मी वाजवायचं. म्हटलं, इथे कोण चूक काढतो बघू. पहिली चाल वाजवली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी, सकाळचीच, राखून ठेवली. नवऱ्या मुलीची चाल जेवणावळीत वाजवायची नाही, एवढं मला कळतं. पण चार चालींना मिळून तेरा मिनिटं लागतात आणि लोकांचं अजून सूपच यायचं होतं. म्हणून पुन्हा पहिली. मग दुसरी. चार चाली मी तीनदा वाजवल्या. तिसऱ्या फेरीला वाढणारे वेटर त्या गुणगुणायला लागले होते. याला मी लोकप्रियता म्हणते. मुलगा वेगळं काहीतरी म्हणतो.

तेवढ्यात नवऱ्या मुलाचा कोणी काका आला. वाकून, फार अदबीने म्हणाला, "फार छान. दुसरं काही येतं का?"

आता तुम्हीच सांगा, मी "नाही" म्हणायचं होतं?

मी पाचवी सुरू केली. चौथ्या-पाचव्या खुणेवर मुख्याध्यापक आजोबांनी चमचा खाली ठेवला आणि उठून उभे राहिले. आयुष्यभर घंटेवर उठलेला-बसलेला माणूस. सकाळी या सुरांवर उभं राहायचं असतं एवढं त्यांना कळलं होतं, ते पुरे होतं. ते उठले म्हणून त्यांची सून उठली. ती उठली म्हणून सगळं टेबल उठलं. शेजारच्या टेबलाला वाटलं, आपलंच काहीतरी राहतंय. बघता बघता नव्वद माणसं उभी, कुणाच्या हातात सूपची वाटी, कुणाच्या हातात पाव, आणि सगळ्यांची तोंडं दाराकडे. नवरा-नवरी स्वतःसुद्धा उभे! वेटर जिथे होते तिथे ट्रे घेऊन थांबले. कोण येतंय कुणालाच माहीत नव्हतं, पण कुणीतरी मोठं येतंय याबद्दल कुणाला शंका नव्हती.

आणि दार उघडलं. बर्फवाला आत आला.

खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, पाणी ठिबकतंय. त्याने समोर बघितलं. नव्वद माणसं, सुटाबुटात, त्याच्या सन्मानार्थ उभी, आणि मागे हार्प. त्याने बिचाऱ्याने मोकळ्या हाताने केस सारखे केले आणि सगळ्यांना नमस्कार केला. आजोबांनी उलट नमस्कार केला. मग सगळ्यांनीच केला. तो जो मागे सरकत सरकत गेला, तो लादीसकट. आइस्क्रीम शेवटपर्यंत मऊच राहिलं, ते त्यामुळे.

मी वाजवत होते. पुढचा भाग संपला, मी थांबले, लोक खुर्चीला टेकले. मी पाठ घेतली, लोक पुन्हा उठले. असं तीनदा. गुडघे दुखणारी मी एकटीच नव्हते, हे त्या दिवशी कळलं. सूप गार झालं. मुलगा हॉलच्या त्या टोकाहून निघाला तो माझ्यापाशी पोचला तेव्हा दुसऱ्या बाहीचा शेवटचा टाका पडत होता. आणि मग ते भांडण, जिथून मी सुरुवात केली.

"मानाने उभे राहिले की नाही, मी त्यांनाच विचारते," मी म्हटलं आणि उठले.

"आई, नको. आई!"

पण मी निघाले होते. टेबला-टेबलावर जाऊन साक्ष घ्यायची, दुसरं काय. आधी आजोबांकडे गेले.

"तुम्ही माझ्या वाजवण्याचा मान राखायला उठलात ना?"

"नियम आहे म्हणून उठलो," ते म्हणाले. "कुठला ते माहीत नाही."

त्यांच्या जवळची बाई, नवऱ्या मुलाची आत्या, म्हणाली, "मला वाटलं मंत्री-बिंत्री आले." मी तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हटलं, "मंत्र्याचं राहू द्या, तुमच्या जाकिटाचे मुंढे पुढे-मागे लागलेत. म्हणून हात वर करताना काचतं तुम्हाला." ती म्हणाली, तिला काही काचत नाही. मी म्हटलं, काचतंय, सवय झालीय. पुढच्या टेबलावर एकाने सांगितलं, त्याचं लक्षच नव्हतं, बायकोने उठवलं. त्याच्या पँटची शिलाई बघितल्यावर बायकोच सगळं बघते हे मला पटलं, आणि तसं मी बोलले. अदबशीर काकाला सांगितलं, की कोट भाड्याचा असला तरी आतली चिठ्ठी काढायची असते. सत्य आहे ते सांगायला मी कधी कुणाला घाबरले नाही. पाच टेबलं झाली. साक्ष एकही मिळाली नाही, पण निदान पाच टेबलांना स्वतःच्या कपड्यांत काय चुकलंय ते कळलं.

परत येऊन बघते तर कीबोर्डवाला माझ्या स्टुलावर!

"ऊठ," मी म्हटलं.

"मला साहेबांनी बसायला सांगितलं. मला काही घाई नाही, आजी."

"घाई नाही ते दिसतंय. घाई असती तर शर्टाचं मधलं बटण लावून आला असतास."

त्याने बटण चाचपलं. तोवर मुलगा आलाच, त्याच्या मागे सून.

"आई, आता बास! माझ्या मुलीचं लग्न आहे, तिच्या सासरच्यांसमोर हसं नको व्हायला. अकरा वर्षं वाजवतेस, कुणी अडवलं का? आज फक्त दोन तास दुसऱ्याला वाजवू दे."

"अकरा वर्षं मी भिंतीला ऐकवलं. आज दोन तास माणसांना ऐकवते आहे तर तुला हसं दिसतं."

"माणसं ऐकत नाहीयेत, आई. माणसं उठतायत!"

"तुम्ही सांगा हो," मी ह्यांच्याकडे वळले. हे शेजारच्याच टेबलावर होते. "कुणाचं बरोबर?"

ह्यांनी सूपची वाटी बघितली, मुलाला बघितलं, मला बघितलं. "मी दोन्ही वेळा उभा राहिलो," ते म्हणाले. "नोंद घ्या."

पन्नास वर्षांचा संसार! या माणसाने एका शब्दाने बाजू घेतली असेल तर शपथ.

"बाबा!" पलीकडून हाक आली.

नात येत होती. ड्रेस दोन्ही हातांनी घोट्यापर्यंत उचलून, तशीच, अपघात विभागाच्या चालीने. अर्धा हॉल तिने चार पावलांत काढला. तिच्यामागे लांब दाराशी मला नवऱ्या मुलाची आत्या दिसली. तिने जाकीट काढून हातावर घेतलं होतं आणि कुणीतरी तिला पाणी देत होतं.

"हे बघ," मुलगा तिला म्हणाला, "तूच सांग आजीला. तुझं ऐकेल ती."

"हो, तूच सांग," मी म्हटलं. "तुझं लग्न. तुझी चाल. कोणी वाजवायचं ते तू सांग, मी एक अक्षर बोलणार नाही."

कीबोर्डवाला आपसूक उठून बाजूला झाला. मी स्टुलावर बसले, मान ताठ केली, अंगावरचा ड्रेस सारखा केला. फोटोग्राफरला हाताने जवळ बोलावलं. अकरा वर्षांत माझ्या वाजवण्याबद्दल पहिल्यांदा कुणीतरी चारचौघांत दोन शब्द बोलणार होतं, तेही माझी स्वतःची नात. ती आली, तिने माझ्या गळ्यात हात टाकला, माझ्या डोक्यावर गाल टेकवला आणि बापाकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली,

"बाबा, शेवटपर्यंत वाजवू दे तिला, दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले असले, की तेवढाच वेळ आजीचं तोंड बंद असतं!"